इकॉलॉजीत करिअर करायचंय? कॉलेजच्या विद्यार्थ्यांकडून वारंवार येणारे प्रश्न

बीएस्सीची मुलंमुली मला सतत प्रश्न पाठवत असतात. त्यातली बरीचशी तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या कॉलेजात शिकतात, आणि आजूबाजूला या क्षेत्रातलं कुणी नसल्यामुळे तेच ते प्रश्न पुन्हा पुन्हा येतात. त्यांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत. घाईत असाल तर निदान प्रश्न ४ आणि ५ वाचा. बाकीच्या बऱ्याच उत्तरांचा पाया तिथे आहे.

१. इकॉलॉजी, पर्यावरणशास्त्र आणि वन्यजीवशास्त्र यांत नेमका फरक काय?

एक ओढा डोळ्यांसमोर आणा. त्याच्या पाण्यात विरघळलेला प्राणवायू किती आहे, साखर कारखान्याची मळी मिसळली आहे का, कायद्यानं काय करता येईल, हे पर्यावरणशास्त्राचे प्रश्न. प्राणवायू घटल्यावर चतुराच्या अळ्यांचं काय झालं, त्या अळ्या खाणाऱ्या माशांचं आणि ते मासे टिपणाऱ्या खंड्याचं काय झालं, हे इकॉलॉजीचे. सजीवांचं एकमेकांशी आणि भोवतालच्या माती-पाणी-हवेशी नातं तपासणारं हे शास्त्र आहे. मराठी पुस्तकांत त्याला परिसंस्थाशास्त्र किंवा परिस्थितिकी म्हणतात. वन्यजीवशास्त्र याच ज्ञानाचा उपयोग रानातल्या प्राण्यांसाठी करतं. पदवीला सगळ्यांना सक्तीचा असलेला ‘पर्यावरण अभ्यास’ हा पेपर म्हणजे इकॉलॉजी नव्हे. त्यात कंटाळा आला म्हणून हे क्षेत्र सोडू नका.

२. मला वाघांची आणि जंगलाची खूप आवड आहे. तेवढं पुरेसं आहे का?

सुरुवात करायला पुरेसं आहे, टिकून राहायला नाही. रोजचं काम म्हणजे मोजणं. पहाटे उठून तीच वाट चालायची, तीच झाडं मोजायची, विष्ठेचे नमुने पिशवीत भरून चिठ्ठी लावायची आणि संध्याकाळी सगळं संगणकावर चढवायचं. ज्याला ‘हे असं का?’ या प्रश्नाचा किडा चावलेला असतो, त्यालाच यात महिनोन्‌महिने गोडी राहते. वाघाच्या मागे शेकडो जण आहेत. गवत, मुंग्या, कोळी, गोड्या पाण्यातले शिंपले यांच्याकडे फार कमी जण वळतात. नवं काही सापडण्याची शक्यता तिथेच जास्त आहे.

३. बारावीनंतर कोणती पदवी घेऊ? झूलॉजी, बॉटनी, फॉरेस्ट्री की पर्यावरणशास्त्र?

चारही चालतात. बॉटनी किंवा झूलॉजी घेतलीत तर प्रजाती ओळखण्याचा पाया पक्का होतो आणि पुढचे बहुतेक रस्ते मोकळे राहतात. बॉटनीकडे मुलं पाठ फिरवतात, पण वनस्पती ओळखता येणारा माणूस प्रत्येक प्रकल्पाला हवा असतो. फॉरेस्ट्रीची पदवी दापोली आणि अकोल्याच्या कृषी विद्यापीठांत आहे. वनसेवेत जायचं असेल तर ती सोयीची. पर्यावरणशास्त्राला मात्र एक अडचण आहे, त्यासाठी प्रश्न ११ पाहा. पुण्याच्या आयसरसारख्या (भारतीय विज्ञान शिक्षण व संशोधन संस्था) ठिकाणी पाच वर्षांचा बीएस-एमएस अभ्यासक्रम आहे. संशोधनच करायचं ठरलं असेल आणि प्रवेश परीक्षेची तयारी जमत असेल, तर जरूर प्रयत्न करा.

४. आमच्या कॉलेजात इकॉलॉजीचा एकच पेपर आहे आणि शिकवायला कुणी नाही. सुरुवात कुठून करू?

घरापासून सायकलनं पोहोचता येईल अशी एक जागा निवडा. गावाबाहेरचं माळरान, पाझर तलाव, देवराई, कोकणात असाल तर सडा (जांभ्या खडकाचं उघडं पठार) किंवा खाडीकाठचं कांदळवन, शहरात असाल तर टेकडी किंवा कॉलेजचं आवार. तिथे अर्धा किलोमीटरची एक वाट ठरवा. दर महिन्याला दोनदा, त्याच वेळी, त्याच वेगानं चाला आणि दिसेल ते मोजा. पदवी संपेपर्यंत हे सोडायचं नाही.

हे किरकोळ वाटेल, पण याचं मोल फार मोठं आहे. समजा, तुम्ही सुप्याकडच्या एखाद्या माळावर जाता. पहिल्या वर्षी फक्त नावं कळतील: चंडोल, माळटिटवी, धाविक, हिवाळ्यात भोरड्यांचे थवे. दुसऱ्या वर्षी लक्षात येईल की जिथे मेंढ्या बसतात तिथे एक पक्षी जास्त दिसतो आणि गवत गुडघ्याएवढं असतं तिथे दुसरा. तिसऱ्या वर्षी कुणीतरी त्या माळावर चर खणून झाडं लावेल, आणि त्याआधी तिथे काय होतं याची नोंद फक्त तुमच्याकडे असेल. एमएस्सीच्या मुलाखतीत ‘तुम्ही काय पाहिलंत?’ असं विचारतात तेव्हा या नोंदींतूनच उत्तर निघतं. ताडोब्याच्या चार सफारींतून ते निघत नाही.

नोंदी इतरांच्या उपयोगी पडाव्यात म्हणून पक्ष्यांच्या याद्या ई-बर्डवर आणि इतर जिवांचे फोटो आय-नॅचरॅलिस्टवर चढवा. निसर्गाच्या नोंदी ठेवण्याची ही दोन संकेतस्थळं आहेत. तिथले जाणकार ओळख दुरुस्त करून देतात, आणि शिकवणारं कुणी नसताना हाच तुमचा वर्ग. महाराष्ट्रात ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह असतो. मारुती चितमपल्ली यांच्या जन्मदिवसापासून सालीम अलींच्या जन्मदिवसापर्यंत. त्या आठवड्यात तुमच्या भागात पक्षी ओळखणारी माणसं गोळा होतात. जा, गाठा त्यांना.

नव्या शैक्षणिक धोरणानुसार आलेल्या अभ्यासक्रमात फील्ड प्रोजेक्टला आणि ऑन-जॉब ट्रेनिंगला श्रेयांक आहेत. बरीच मुलं तो प्रोजेक्ट नेटवरून उतरवून काढतात. तुमच्या वाटेच्या नोंदीच प्रोजेक्ट म्हणून द्या.

५. नोंदवहीत नेमकं काय लिहायचं?

तारीख, सुरू केल्याची आणि संपवल्याची वेळ, जागा, हवामान, सोबत कोण होतं, आणि मग काय दिसलं, किती, काय करत होतं. पेन्सिलीनं लिहा, पावसात शाई पसरते. त्याच दिवशी संध्याकाळी संगणकात भरा, कारण आठवड्यानंतर स्वतःचंच अक्षर लागत नाही.

दोन गोष्टी बहुतेकांकडून सुटतात. पहिली, काही दिसलं नाही तरी तसं लिहायचं. ‘एक तास चाललो, माळटिटवी शून्य’ ही पूर्ण किमतीची नोंद आहे. दुसरी, अंदाज आणि पाहिलेलं वेगळं ठेवायचं. ‘बिबट्याचा ठसा’ असं लिहू नका. ‘ठसा, रुंदी साडेसहा सेंटिमीटर, नखं उमटलेली नाहीत, ओल्या वाळूत’ असं लिहा आणि खाली ‘बहुधा बिबट्या’ अशी टीप द्या. माझ्या पहिल्या वर्षाच्या वह्यांत वेळच लिहिलेली नाही. सुंदर वर्णनं आहेत, पण कुठल्याही तुलनेसाठी ती वापरता येत नाहीत. त्या वर्षाची हळहळ मला अजून आहे.

६. बारावीनंतर गणित सुटलं. स्टॅटिस्टिक्सशिवाय चालेल का?

नाही चालणार. पण घाबरण्यासारखंही त्यात काही नाही.

सड्यावर एक मीटरच्या पाच चौकटी टाकल्या, ओढ्याकाठी पाच टाकल्या. सड्यावर सरासरी ८ प्रकारच्या वनस्पती मिळाल्या, ओढ्याकाठी ११. हा फरक खरा आहे की चौकटी कुठे पडल्या त्या योगायोगाचा? एवढाच प्रश्न आहे आणि त्याचं उत्तर द्यायला स्टॅटिस्टिक्स लागतं. आधी सरासरी, विचलन आणि आलेख नीट समजून घ्या. मग ‘आर’ नावाची संगणकप्रणाली शिका. ती फुकट आहे आणि जगभरचे इकॉलॉजिस्ट तीच वापरतात. नकाशांसाठी क्यूजीआयएस, तीही फुकट. स्वयम आणि एनपीटीईएल या सरकारी ऑनलाइन वर्गांत दोन्ही विषयांची व्याख्यानं विनाशुल्क आहेत, फी पडते ती प्रमाणपत्राच्या परीक्षेची.

मुलं सर्वात जास्त चुकतात ती नमुन्यांत. एकाच वडाखाली दहा चौकटी टाकल्या म्हणजे दहा नमुने झाले असं नव्हे. तो एकाच वडाचा, दहादा पाहिलेला नमुना आहे. वडांबद्दल काही म्हणायचं असेल तर दहा वड शोधावे लागतात. एवढं कळलं तरी कितीतरी प्रोजेक्टांच्या तुम्ही पुढे आहात.

७. माझं शिक्षण मराठी माध्यमातून झालंय. इंग्रजी कच्चं आहे. अडेल का?

शोधनिबंध इंग्रजीत असतात, त्यामुळे वाचायला शिकावंच लागेल. आठवड्याला एक निबंध घ्या आणि त्याचा सारांश मराठीत लिहा. ज्याचा सारांश मराठीत लिहिता येत नाही ते समजलेलं नाही, असं समजून पुन्हा वाचा. वर्षभरात वेग येतो.

दुसरी बाजूही ध्यानात ठेवा. मेंढपाळाला ‘पूर्वी इथे काय चरायचं?’ असं विचारता येणं, कातकरी बाईकडून रानभाजीचं नाव आणि ती कधी उगवते हे समजून घेता येणं, वनरक्षकाशी चुलीपाशी बसून बोलता येणं, हे कुठल्याही संस्थेत शिकवत नाहीत. तुमच्याकडे ते आयतं आहे. अर्जात ते लिहा.

८. इंटर्नशिपसाठी ४० मेल पाठवले, एकालाही उत्तर नाही. काय चुकतंय?

बहुतेक मेल असे असतात: ‘आदरणीय सर/मॅडम, मला वन्यजीवांची लहानपणापासून आवड आहे, कृपया संधी द्यावी.’ ४० जणांना एकच मजकूर. वाचणाऱ्याला त्यातून काहीच कळत नाही.

मेल छोटा असू द्या. त्यांचा कुठला अभ्यास वाचला आणि त्यात काय प्रश्न पडला, हे दोन ओळींत. तुम्ही आजवर काय मोजलंय, हे दोन ओळींत (इथे प्रश्न ४ मधल्या नोंदी कामी येतात). कुठल्या तारखेपासून किती आठवडे मोकळे आहात, हे एका ओळीत. प्राध्यापकांऐवजी त्यांच्याकडे पीएचडी करणाऱ्या विद्यार्थ्यांना लिहिलंत तर उत्तराची शक्यता वाढते, कारण फील्डवर हात त्यांनाच कमी पडतात. दोन आठवड्यांनी एकदा आठवण करा, मग पुढे जा. विज्ञान अकादमींची एकत्रित उन्हाळी संशोधन शिष्यवृत्तीही आहे. तिच्यात निवड झाली तर दोन महिने एखाद्या संस्थेत, विद्यावेतनासह.

९. एका संस्थेची इंटर्नशिप आहे, पण त्यांनाच पैसे भरायचे आहेत. करू का?

राहण्या-जेवणाचा खर्च घेणं समजू शकतं. त्यापुढे रक्कम जात असेल तर तीन गोष्टी विचारा: माझ्या नोंदींचं पुढे काय होणार, माझं काम रोज कोण तपासणार, आणि शेवटी माझ्या हातात प्रमाणपत्राशिवाय काय असेल? नीट उत्तर आलं नाही तर ती सहल आहे. तेवढ्या पैशात चांगली दुर्बीण येते. ८×४२ घ्या, म्हणजे आठ पट मोठं दिसतं आणि पुढचं भिंग ४२ मिलिमीटरचं असल्यामुळे पहाटेच्या उजेडातही चालतं. शिकायचंच असेल तर बीएनएचएसचे (बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी) पक्षी, वनस्पती यांवरचे छोटे अभ्यासक्रम पाहा. १८८३ पासून चालत आलेली ही संस्था आहे.

१०. एमएस्सी कुठे करावी? आणि नेट, गेट यांचं काय?

देहरादूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेत वन्यजीवशास्त्राची एमएस्सी आहे. बंगळुरूच्या एनसीबीएसमध्ये (राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्र) वन्यजीवशास्त्र आणि संवर्धनाची आहे. तिथे दर दोन वर्षांनी प्रवेश असतो, त्यामुळे तुमचं पदवीचं वर्ष आणि त्यांचं प्रवेशाचं वर्ष जुळतं का ते आधी पाहा. पुद्दुचेरी विद्यापीठात इकॉलॉजीचा जुना विभाग आहे. पुण्यात आबासाहेब गरवारे महाविद्यालयात जैवविविधतेची एमएस्सी आहे आणि भारती विद्यापीठाच्या पर्यावरण शिक्षण संस्थेतही पर्याय आहेत. मोठ्या नावाच्या संस्थांत जागा अगदी मोजक्या असतात. पहिल्या फेरीत न मिळणं नेहमीचंच आहे. वर्षभर एखाद्या प्रकल्पावर काम करून पुन्हा अर्ज करणारे बरेच असतात, आणि ते जास्त तयार होऊन येतात.

पीएचडीसाठी बंगळुरूच्या आयआयएस्सीमधलं (भारतीय विज्ञान संस्था) परिसंस्था विज्ञान केंद्र, जे माधव गाडगीळ यांनी १९८३ मध्ये उभारलं, आणि तिथलीच एट्री ही पर्यावरण-संशोधन संस्था यांचा विचार करा.

सीएसआयआर नेटच्या जीवशास्त्राच्या पेपरात १३ घटक आहेत, त्यातला दहावा इकॉलॉजीचा आणि अकरावा उत्क्रांती व प्राणिवर्तनाचा. गेटमध्ये तर ‘इकॉलॉजी आणि उत्क्रांती’ असा स्वतंत्र पेपरच आहे. नेटमधून जेआरएफ (संशोधनासाठीची अधिछात्रवृत्ती) मिळाली तर २०२३ पासून महिना ३७,००० रुपये. बार्टी, सारथी, महाज्योती या संस्था आपापल्या गटांतल्या विद्यार्थ्यांना पीएचडीसाठी अधिछात्रवृत्ती देतात. पात्र असाल तर जाहिरातींवर लक्ष ठेवा.

११. मला वनाधिकारी व्हायचंय. पर्यावरणशास्त्राची पदवी चालेल ना?

इथे बरीच मुलं फसतात. यूपीएससीच्या भारतीय वनसेवेसाठी पात्र विषयांची ठरलेली यादी आहे: पशुसंवर्धन व पशुवैद्यक, वनस्पतिशास्त्र, रसायनशास्त्र, भूशास्त्र, गणित, भौतिकशास्त्र, संख्याशास्त्र, प्राणिशास्त्र, किंवा मग कृषी, वनशास्त्र, अभियांत्रिकी यांतली पदवी. या यादीत पर्यावरणशास्त्राचं नाव नाही. पदवीला यादीतला एखादा विषय सोबत घेता येत असेल तर पहिल्याच वर्षी घ्या. एमपीएससीमार्फत सहायक वनसंरक्षक आणि वनक्षेत्रपाल ही पदं भरतात, त्यांचे निकष वेगळे असतात. त्या वर्षीची जाहिरात ओळ न्‌ ओळ वाचा, सीनिअरच्या सांगण्यावर जाऊ नका. वनसेवेत चालण्याचीही चाचणी असते: चार तासांत पुरुषांना २५ किलोमीटर, स्त्रियांना १४.

वनाधिकारी आणि इकॉलॉजिस्ट यांची कामं मात्र वेगळी. वनाधिकाऱ्याचा बराच दिवस कायदा, माणसं, अतिक्रमण आणि फायलींत जातो. महत्त्वाचं काम आहे ते, पण संशोधन नव्हे.

१२. नोकऱ्या कुठे आहेत? घरचे विचारतात, पोट भरेल का?

घरच्यांचा प्रश्न रास्त आहे, त्याला राग न धरता उत्तर द्यावं. सुरुवातीची तीन-चार वर्षं प्रकल्पांवर जातात. प्रकल्प संपला की नोकरी संपते, आणि अनेक संस्थांत पगार जेआरएफपेक्षा कमी असतो. हे लपवून कुणालाही या क्षेत्रात बोलावू नये असं मला वाटतं. घरी कर्ज असेल, धाकट्या भावंडांचं शिक्षण असेल, तर बी.एड. किंवा सेट-नेट करून शिक्षकी पेशा धरणं आणि सोबत अभ्यास चालू ठेवणं हा मानाचा मार्ग आहे. आपल्याकडे कीटक, बेडूक, वनस्पती यांवर उत्तम काम केलेले कितीतरी लोक कॉलेजातले प्राध्यापकच आहेत.

बाकी वाटा: संशोधन संस्था, संवर्धनाच्या स्वयंसेवी संस्था, व्याघ्र प्रकल्पांत कंत्राटावर घेतले जाणारे जीवशास्त्रज्ञ, ग्रामपंचायतींच्या लोकजैवविविधता नोंदवह्यांचं (गावातल्या सजीवांची आणि लोकांच्या माहितीची नोंद) काम. शिवाय २००६ च्या अधिसूचनेनुसार मोठ्या प्रकल्पांना पर्यावरणीय आघात मूल्यांकन करावं लागतं आणि त्यासाठी सल्लागार कंपन्यांना जैवविविधतेचा तज्ज्ञ ठेवावा लागतो. पगार तिथे बरा असतो. ‘विकाऊ काम’ म्हणून काहीजण नाक मुरडतात. मला तसं वाटत नाही. एखाद्या सड्यावर खाण येणार की नाही हे ठरवणाऱ्या अहवालात प्रजातींची यादी प्रत्यक्ष फिरून केलेली असावी, कुठून तरी उचललेली नसावी, यासाठी तिथे प्रामाणिक माणूस हवाच.

१३. मी इंजिनिअरिंग करतोय. किंवा आर्ट्सला आहे. दार बंद झालं का?

नाही. कॅमेरा ट्रॅपच्या (प्राणी समोर आला की आपोआप फोटो काढणारा कॅमेरा) लाखो फोटोंतून प्राणी ओळखायला, वटवाघळांचे आवाज वेगळे काढायला प्रोग्रॅमिंग येणारी माणसं लागतात. समाजशास्त्र किंवा भूगोल शिकलेल्यांसाठी मानव-वन्यजीव संघर्ष आणि चराऊ कुरणांचा इतिहास हे मोठे विषय आहेत. प्रत्येक एमएस्सीची पात्रता मात्र वेगळी, ती तपासा.

१४. मी मुलगी आहे. घरचे जंगलात पाठवायला तयार नाहीत.

मलाही पाठवत नव्हते. आईला एकदा सोबत नेलं. कॅम्प पाहिला, स्वयंपाक करणाऱ्या मावशींशी ती तासभर बोलली, तेव्हा तिचा जीव थोडा निवला. भीती बहुतेकदा न पाहिलेल्या जागेची असते.

पण सगळीच भीती फोल असते असं मी म्हणणार नाही. जाण्याआधी विचारा: राहण्याची सोय कुठे, संडास-आंघोळीचं काय, फोनची रेंज नसेल तर निरोप कसा जाईल, आणखी कुणी मुलगी आहे का, छळाची तक्रार ऐकणारी समिती आहे का आणि तिच्यात कोण आहे? हे विचारल्यावर जो गट वैतागतो त्या गटात जाऊ नका. पूर्वी काम केलेल्या मुलींना गाठून खासगीत विचारा. खरं तिथेच कळतं.

१५. जंगलात सापडलेली पिसं, हाडं, शिंगं अभ्यासाला घरी आणली तर?

आणू नका. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार संरक्षित प्राण्याचे अवशेष बाळगणं गुन्हा ठरू शकतं, मग ते गळून पडलेलं सांबरशिंग असलं तरी. मोराच्या पिसांना कायद्यात सूट आहे, बाकी पक्ष्यांना ती लावू नका. फोटो घ्या, शेजारी पट्टी ठेवून, आणि वस्तू तिथेच राहू द्या. अभयारण्यात अभ्यास करायचा तर मुख्य वन्यजीव रक्षकांची लेखी परवानगी लागते आणि ती यायला महिने जातात. पदवीच्या प्रोजेक्टसाठी संरक्षित क्षेत्राबाहेरचीच जागा निवडा, असं मी म्हणते ते याचसाठी.

१६. मी सर्पमित्र आहे, शेकडो साप पकडलेत. हा अनुभव धरतील का?

पकडण्याचा नाही, नोंदींचा धरतील. प्रत्येक कॉलची तारीख, वेळ, गाव, घराचा प्रकार, सापाची जात आणि सोडल्याची जागा लिहिली असेल, तर तुमच्या तालुक्यात घोणस कुठल्या महिन्यांत घरात शिरते हे तुम्हीच सांगू शकता. हे सगळं वनखात्याला कळवून, त्यांच्या परवानगीनंच चाललेलं हवं. साप गळ्यात घालून काढलेले फोटो मात्र आजच काढून टाका. असा फोटो पाहून चांगला मार्गदर्शक अर्ज बाजूला ठेवतो, आणि फोटो पाहून एखादं पोर नागाला हात लावतं, ही त्याहून मोठी गोष्ट आहे.

१७. एनएसएसमध्ये ५०० झाडं लावली आणि बुद्धपौर्णिमेला मचाणावर गणना केली. बायोडेटात लिहू?

मचाणावरची रात्र हा सुंदर अनुभव आहे, जरूर घ्या. पण एका रात्री पाणवठ्यावर आलेले प्राणी मोजून जंगलातली संख्या कळत नाही. वाघांचा राष्ट्रीय अंदाज २००६ पासून दर चार वर्षांनी शास्त्रीय पद्धतीनं होतो आणि त्यात कॅमेरा ट्रॅपचे फोटो वापरतात. फरक माहीत असेल तर लिहा.

झाडांबद्दल एक विचारते. ती कुठे लावलीत? कागदोपत्री ‘पडीक’ म्हटलेल्या माळरानावर गिरिपुष्पाचे खड्डे घेतले असतील, तर तिथल्या चंडोलांचं, धाविकांचं, लांडग्यांचं घर मोडलं असण्याची शक्यता आहे. सोलापूरजवळच्या नान्नजचा माळढोक अशाच उघड्या गवताळ माळाचा पक्षी. माळरान म्हणजे झाडं तुटून उरलेली जागा नव्हे, ती स्वतःच एक परिसंस्था आहे. परत जा, जगलेली रोपं मोजा, मधल्या मोकळ्या जागेतलं गवत आणि पक्षी मोजा. मग बायोडेटात ‘५०० झाडं लावली’ याऐवजी ‘लावणीनंतर दोन वर्षांनी त्या माळावर काय बदललं’ असं लिहिता येईल.

१८. मला दमा आहे, डोंगर चढवत नाही. मग हे क्षेत्र माझं नाही का?

आहे. उपग्रहचित्रांवरून गवताळ प्रदेशांचे नकाशे करणं, ध्वनिमुद्रणांतून बेडूक आणि पक्षी ओळखणं, संग्रहालयातल्या वनस्पतींच्या जुन्या नमुन्यांवरून फुलण्याचा काळ कसा सरकला ते तपासणं, प्रयोगशाळेत विष्ठेतून डीएनए काढणं, गणिती प्रारूपं बांधणं, ही सगळी पूर्ण वेळची कामं आहेत. फील्डवर्कही चढणीचंच असतं असं नाही. खिडकीतून दिसणारं एक पळसाचं झाड पाच वर्षं पाहा: पहिली कळी कधी, पहिलं फूल कधी, त्यावर कोण कोण आलं. प्रश्न ५ मधली पद्धत त्यालाही जशीच्या तशी लागू पडते.